पिपरीच्या नऊ जणी

मतदानाच्या दिवशी मला पिपरीला जायचं होतं. मी गेले नाही. पिपरीच्या नऊ मुली दोन वाजेपर्यंत घरी वाट पाहत थांबल्या. दोन वाजता मतदान संपलं. सहा वाजता मोजणी संपली आणि नलू पाच मतांनी पडली.

नलू माझ्या मामाची मुलगी. मामाची शेती अल्लीपूरला. नलूला कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा एक ट्रंक, ज्वारीचं पोतं आणि लोणच्याची बरणी घेऊन मामा तिला वर्ध्याला आमच्या घरी सोडून गेला. जाताना ओट्यावर उभं राहून तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता, “तीन वर्सं. पास झाली त वापस. काही नाव काढलं त पुढचं पाहू.” नलू हसली. पुढे कितीदा तरी ती मामाचा आवाज काढून, कमरेवर हात ठेवून हे वाक्य म्हणून दाखवायची आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. पण नलूच्या हसण्यामागे त्या ‘पुढचं पाहू’वर तिनं किती भिस्त ठेवली होती, ते मला ठाऊक होतं. आम्ही एका खोलीत झोपायचो. दिवा मालवल्यावर ती नागपूरला एम.ए.ला जायच्या गोष्टी करायची, तिथं म्हणे मुलींच्या वसतिगृहाला गच्ची आहे. मी ऐकून घ्यायची. मलाही नागपूरला जायचं होतं, पण ते कोणाला सांगावं असं मला कधी वाटलं नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं जे काही होतं, ते मी वाचण्यात घालवत असे.

आमचं वह्यापुस्तकांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. मधल्या दाराला पडदा होता आणि त्यातून कोऱ्या कागदाचा नि शिजवलेल्या खळीचा वास दिवसभर घरात यायचा. बाबा फार बोलत नसत. गिऱ्हाईक आलं की हातातलं पुस्तक उलटं ठेवायचे, गेलं की सरळ करायचे. मी त्यांच्यावर गेले असं सगळे म्हणत. आई मात्र अल्लीपूरची, आणि हे मला नलू येईपर्यंत नीट कळलंच नव्हतं. लग्न होऊन शहरात आल्यावर तिनं आपली बोली कुठेतरी गुंडाळून ठेवली असावी. माझ्याशी ती शाळेतल्या बाईंसारखी नीट बोले, “इंदू, पोळी वाढू का?” म्हणे. नलू आली आणि स्वयंपाकघरातली भाषाच बदलली.

“काऊन व नले, भाकर काऊन नाई घेत?”

“घेतली ना आत्या. तिसरी हाय.”

“तिसरी? मोजून राह्यली का? तुह्या बापानं मोजून खाजो म्हणून धाडलं का तुले?”

“बाप त चौथी खाजो म्हणते. पण मंग तुह्या दारातून मी मावाची नाई.”

मग दोघी हसायच्या. चुलीवर कढीतले गोळे उकळत असायचे, कांद्याची फोडणी जळायची, तरी हसणं थांबत नसे. मी पाटावर बसून पुस्तक वाचत जेवायची. ती भाषा मला कळत होती, येत नव्हती. ज्या भाषेत माझी आई हसायची ती मला येत नाही, हे मला विसाव्या वर्षी कळलं, आणि त्याचा राग मी आईवर न धरता नलूवर धरला. आता या वयात त्याला हेवा म्हणता येतं. तेव्हा मला वाटायचं, नलू जेवताना फार आवाज करते.

कॉलेजचं दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आधी, सुट्टीत, आमचं सेवा योजनेचं शिबिर केळझरजवळच्या एका खेड्यात झालं. दहा दिवस आम्ही शाळेच्या खोल्यांत राहिलो, शोषखड्डे खणले, शाळेपर्यंतच्या वाटेवर मुरूम टाकला. शिबिराचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी तो रोज संध्याकाळी लिहीत असे, आणि आजही म्हणेन की चांगला लिहीत असे. तिसऱ्या दिवशी गावच्या बायकांनी आपल्या अंगणात खड्डा खणायला नकार दिला. आमचे सर समजावून थकले. नलूनं काही समजावलं नाही. ती एका म्हातारीच्या ओट्यावर बसली, तिच्या हातातलं सूप घेऊन तांदूळ पाखडायला लागली आणि सुनेच्या तक्रारी ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी त्या म्हातारीनंच सुनेच्या हाती कुदळ दिली. त्या दिवसाच्या अहवालात मी लिहिलं, ‘ग्रामस्थ महिलांचा चांगला प्रतिसाद मिळाला.’ नलूचं नाव मी लिहिलं नाही. अहवालात नावं लिहीत नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. पण दोन पानं आधी मी माझं स्वतःचं लिहिलं होतं.

त्या शिबिरात पुरुषोत्तम होता. सगळे त्याला पुरुभाऊ म्हणत. हिंगणघाटचा, शेवटच्या वर्षाचा, चालताना कायम सायकल हातात धरून चालणारा. कॉलेजातल्या निवडणुकीत विद्यापीठ प्रतिनिधी कोण होणार हे दोन वर्षं त्याच्या सायकलभोवती ठरत होतं. उन्हाळ्यापूर्वीच तो मला म्हणाला होता, “इंदूताई, यंदा मुलगी उभी करू. तुम्ही तयारी ठेवा.” मी कोणालाही सांगितलं नाही, पण तयारी ठेवली. भाषण लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. दुपारी घरात कोणी नसताना आरशासमोर उभी राहून म्हटलं. आवाज फुटत नव्हता, पण मजकूर चांगला होता. शिबिरानंतर कॉलेज उघडलं आणि एका दुपारी कॉलेजमागच्या कडुनिंबाखाली सगळे जमलेले असताना पुरुभाऊनं सायकलची घंटी उगाच दोनदा वाजवली.

“इंदूताई, बुरा नका मानू. तुमच्यासारखं कोणी लिहत नाई. पण मत बोलण्यावर भेटते, अक्षरावर नाई भेटत. नलूताई उभ्या राहतीन, तुम्ही लिहजा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “मी हेच सुचवणार होते.” आयुष्यात माझ्या तोंडून इतकं सफाईदार वाक्य पुन्हा निघालं नाही.

त्या संध्याकाळी नलू खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि माझ्या खाटेवर बसली. “इंदे, मले हे बरोबर नाई वाटत. तू राह्य ना उभी. पुरुभाऊले जाऊन सांगू का मी?” मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हटलं, “छे गं. मला कशाला ती गर्दी.”  ती माझ्या पायावर एक चापट मारून उठली. “मंग तू लिहून दे. तुह्याशिवाय मले काही येत नाई.” ते तिनं मनापासून म्हटलं होतं. त्यामुळे ते जास्त लागलं.

मी लिहिलं. पत्रकाची सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल मी माझ्या हातानं कोरली. सगळ्या कॉलेजात आठवडाभर माझं अक्षर हातोहात फिरत होतं आणि त्याखाली नाव नलूचं होतं. दुपारी मुलं त्याच पत्रकात फुटाणे बांधून खायची. पत्रकात बऱ्याच मागण्या होत्या, पण नलूची म्हणून एकच होती. अल्लीपूरकडची शेवटची सोयीची एसटी पाचला सुटायची आणि शेवटचा तास पाचला संपायचा. खेड्यांवरून येणाऱ्या मुली तो तास रोज सोडायच्या, परीक्षेत त्याच विषयात नापास व्हायच्या, मग घरचे कॉलेज बंद करायचे. “अर्धा घंटा,” नलू बोटं नाचवत सांगायची, “अर्धा घंटा गाडी थांबवा म्हणते मी. अर्ध्या घंट्यात एक पोट्टी बी.ए. होते.” हे शेवटचं वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. ते सगळ्यांच्या तोंडी झालं होतं.

अडचण शहरातल्या मुलींची होती. त्यांची मतं पुष्कळ, पण त्यांच्यापर्यंत कोणी पोचत नसे. कॉलेज सुटलं की त्या थेट घरी. निवडणुकीच्या दिवसांत गेटवर घोषणा, गुलाल, ढकलाढकली, म्हणून घरचे त्यांना मतदानाला पाठवतच नसत. पिपरी तर तेव्हा शहरही नव्हतं. शेतं, मधून मधून नव्या लेआउटची घरं, आणि त्या घरांतले बाप मुलींच्या बाबतीत खेड्यातल्या बापांपेक्षा कडक. एका दुपारी आई आणि नलू आंबाडीची पानं खुडत याच गोष्टीवर बोलत होत्या. मी वाचता वाचता म्हणाले, “भुलाबाईला जा. भुलाबाईला कोणी अडवत नाही.”

भुलाबाईचा महिना लागलाच होता. भाद्रपदातल्या पौर्णिमेला शंकरपार्वतीच्या मातीच्या मूर्ती, आमच्याकडे त्यांना भुलोजी-भुलाबाई म्हणतात, घरोघरी बसतात आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुली या घरून त्या घरी गाणी म्हणत फिरतात. गाणी झाली की घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखवते आणि आतली खिरापत कोणती ते मुलींनी ओळखायचं. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. आमचं खरं तर ते वय सरलं होतं. पण मतदार मुलींच्या धाकट्या बहिणी होत्याच. नलूनं खुडलेली पानं तशीच टाकली आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. “माय व! आत्या, हिच्या डोक्यात काय भरलं हाय पाह्य.”

दुसऱ्या दिवशी पुरुभाऊ कडुनिंबाखाली म्हणत होता, “मान गये नलूताई, काय डोकं लावलं.” नलू म्हणाली, “मी नाई, इंदीनं सांगतलं.” पण तेवढ्यात कोणीतरी दुसरं काही बोललं आणि ते वाक्य वाहून गेलं. मला ते ऐकू आलं होतं. वर्षानुवर्षं मी नलूविरुद्ध मनात जी यादी ठेवली, तिच्यात ‘माझी कल्पना तिनं आपल्या नावावर घेतली’ असं एक कलम होतं, आणि हे वाक्य ऐकलेलं असूनही ते मी खोडलं नाही.

आम्ही तीन आठवडे भुलाबाईला फिरलो. नलूचा आवाज मोठा, थोडा फाटलेला, पण सूर पक्का. शेवटच्या कडव्यात ती गुपचूप पाचच्या गाडीचं घालायची आणि घरच्या बायका आधी दचकून मग हसायच्या. डबा हलला की ती कान लावायची. “खडखड वाजते, म्हणजे गोरसपाक. नाई? मंग धपधप, सांबारवडी.” गोरसपाक म्हणजे आमच्या वर्ध्याचं कडक बिस्किट. ते आणि कोथिंबिरीची वडी, जिला आम्ही सांबारवडी म्हणतो, नलूला आवाजावरून ओळखू यायची. मला एकदाही ओळखता आलं नाही. मी मागे उभी राहून मतदार मुलींची नावं वहीत लिहीत असे.

पिपरीला शकुन नावाची आमच्या वर्गातली मुलगी होती. तिच्या घरी गेलो त्या संध्याकाळी आसपासच्या सगळ्या मुली जमल्या होत्या. नऊ जणी कॉलेजच्या. गाणी झाल्यावर शकुनचे वडील दारात येऊन उभे राहिले. रेल्वेत होते, उंच. नलू सरळ त्यांच्याशी बोलली. त्यांनी तिचं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे बोट केलं.

“ही पुस्तकाच्या दुकानवाल्यायची पोरगी ना? तुमच्या बाबाले मी वळखतो. सीधा माणूस. तुम्ही सोता न्याले येसान, सोता घरी आणून सोडसान, त पाठवतो. बाकीच्यायच्या बापालेही मी सांगतो. पण दुसऱ्या कोणासंग नाई.” मग नलूकडे पाहून, हसत, “तुमच्यासंग त मुळीच नाई बाई. तुम्ही लय बोलता.”

नलू सगळ्यांत जास्त हसली. मी “येते” म्हणाले. बारा वाजता येते म्हणाले. त्या सबंध प्रचारात माझ्या नावावर, माझ्यामुळे मिळालेली अशी ती नऊच मतं होती. परत येताना नलू सायकलच्या मागे बसून म्हणाली, “पाह्य, नऊ जणी तुह्यावर आल्या. माह्यावर एक नाई आली.” आणि मला त्या रात्रीपुरतं खरंच बरं वाटलं.

मतदानाच्या सकाळी मी न्हाणीतून आले तर नलू आरशासमोर उभी होती आणि आई तिच्या निऱ्या नीट करत होती. साडी मोतिया रंगाची, जांभळ्या काठाची. ती आईनं माझ्या बी.ए.च्या निकालासाठी घेऊन ठेवली होती, दोन वर्षं ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत होती, तिचा वास मला पाठ होता. “हिच्या अंगावर खुलून दिसते,” आई माझ्याकडे न पाहता म्हणाली. मग तिनं नलूच्या तळहातावर दहीसाखर घातली. मीही हात पुढे केला. का केला ते मला सांगता येणार नाही, सवयीनं केला असेल. वाटीत दही उरलं नव्हतं. आई हसली, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याशी अल्लीपूरच्या बोलीत बोलली.

“तुले कुठं उभं राह्याचं हाय व?”

ती थट्टा होती. तिच्या आवाजात माया होती, हेही आज मला ऐकू येतं. मी तो हात पोलक्याला पुसला आणि सायकल काढली.

साडेअकराला मी घरून निघाले. नाक्याच्या अलीकडे सायकलची चेन पडली. हे खरं आहे. मी ती बसवली. त्याला पाच मिनिटं लागली असतील. हात काळे झाले म्हणून मी वाचनालयाच्या नळावर धुवायला थांबले. वंगण निघेना. आत पंखा चालू होता. लाकडी लांब बाकावर एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. मी क्षणभर बसावं म्हणून बसले आणि समोर पडलेलं एक पुस्तक उघडलं. घड्याळात बाराला दहा कमी होते. तिथून पिपरी सायकलनं दहा मिनिटांवर. मी पान उलटलं. बारा वाजले तेव्हा मला वाटलं, अजून उशीर झालेला नाही. साडेबाराला वाटलं, आता गेलं तरी चालेल. एक वाजता ग्रंथपाल म्हणाले, “तुमच्या कॉलेजात आज इलेक्शन ना? तुम्ही इथं कशा?” मी म्हणाले, “माझं झालं.” मी कोणतं पुस्तक वाचत होते ते मला आठवत नाही, आणि पुस्तक आठवत नाही असं माझ्या बाबतीत दुसऱ्यांदा घडलेलं नाही. शकुन ओट्यावर उभी असेल, बाकीच्या तिच्या मागे, केसांची तेलफणी करून, ओळखपत्रं हातात घेऊन, हे मला पुस्तकातल्या ओळींपेक्षा स्पष्ट दिसत होतं. मी बसून राहिले. दोनला कॉलेजची घंटा लांबून ऐकू आली तेव्हा मी उठले.

कॉलेजात पोचून मी पुरुभाऊला हात दाखवले. “चेन पडली. बसतच नव्हती.” त्यानं माझे काळे हात पाहिले आणि कपाळाला हात लावला.  माझ्यावर संशय घेण्याइतकं कोणी मला मोजतच नव्हतं. मोजणीत पाच मतं कमी पडली. समोरच्या पॅनेलनं गुलाल उधळला. नलूच्या मोतिया साडीवर दुसऱ्यांचा गुलाल पडला. ती जिंकलेल्या मुलाजवळ गेली आणि म्हणाली, “पाचच्या गाडीचं तेवढं पाह्यजो भाऊ.” मग ती दिसेनाशी झाली. रात्री नऊच्या सुमारास घरी आली तेव्हा तिचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरले होते. देवळात गेलती म्हणाली. आईनं जेवायला गोळाभात केला होता, जिंकेल म्हणून. तो आम्ही सगळ्यांनी गुपचूप खाल्ला. जेवणानंतर नलूनं दिव्यातलं थोडं रॉकेल वाटीत घेतलं, माझा हात मांडीवर ओढला आणि चिंधीनं माझं एकेक नख पुसायला लागली.

“साबणानं नाई निघत हे,” ती म्हणाली. “रॉकेलनंच निघते.”

तिनं दहाही बोटं पुसली. रडली नाही. मी रडले, आणि आईला वाटलं मी नलूसाठी रडते.

पुढच्या वर्षी मला उभं केलं. नलू म्हणे, आता हिची पाळी, आणि पुरुभाऊ पास होऊन गेला होता, त्यामुळे नाही म्हणणारं कोणी नव्हतं. मतदानाच्या सकाळी नलूनं ती मोतिया साडी धुऊन, इस्त्री करून माझ्या खाटेवर ठेवली. गुलालाचा एक फिका डाग पदराला राहिला होता. “नेस. आत्यानं तुह्यासाठीच ठेवलीती.” आणि ती पायी पिपरीला गेली. पिपरीच्या नऊच्या नऊ मुली तिच्या मागून रांगेत चालत आल्या. लय बोलणाऱ्या मुलीसंग त्यांच्या बापांनी त्यांना कसं पाठवलं, हे मी तेव्हा विचारलं नाही. मी निवडून आले. वर्षभरात चार वेळा नागपूरला बैठकीला गेले, मागच्या रांगेत बसले, चहा प्याले, आणि एकदाही बोलले नाही. पाचच्या गाडीचं पत्रक माझ्या पिशवीत असायचं, माझ्याच अक्षरातलं. ते मी कधी बाहेर काढलं नाही. आवाज फुटला नसता हे खरं. पण आणखीही एक खरं आहे. गाडी अर्धा तास थांबली असती तर ती नलूची गाडी म्हटली गेली असती.

बी.ए. झाल्यावर मामा नलूला घेऊन गेला. ‘नाव काढलं’ असं दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं. मी नागपूरला एम.ए. केलं, त्या गच्चीच्या वसतिगृहात राहिले. गच्ची लहान होती. पुढे शाळेत मराठी शिकवलं. नलूचं लग्न अल्लीपुरातच झालं. ती शेतात राबली, चार वेळा ग्रामपंचायतीवर निवडून आली, तिच्या घरी कधी पाटावर तीनपेक्षा कमी पाहुणे नसत. दर कोजागिरीला ती पितळी डबा घेऊन माझ्याकडे यायची. आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो तरी दारातच डबा माझ्या कानाशी हलवायची. “वळख.” मी सांगायची, चुकायची. ती थांबायची. सांबारवडीच असायची बहुतेक, तरी मी दुसरंच काही म्हणायची, आणि ती माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहायची. मला वाटे, दम लागला असेल.

गेल्या कोजागिरीला ती आजारी होती. मीच अल्लीपूरला गेले. तिनं उशीमागून डबा काढला आणि हलवला. आवाज आला नाही. मी म्हणाले, “सांबारवडी.” तिनं झाकण उघडून दाखवलं. डबा रिकामा होता. “करवलं नाई व मले,” ती म्हणाली, “तूच टाक काहीतरी यात.” मी उठून स्वयंपाकघरातून गूळ आणला आणि त्यात ठेवला. तिनं एक खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले. पंधरा दिवसांनी ती गेली.

तेराव्याला शकुन आली होती. आता ती माझ्याच कॉलनीत चार घरं सोडून राहते. निवृत्तीनंतर मी घर घेतलं ते पिपरीलाच, तिथं शेतं उरलेली नाहीत. परतीच्या बसमध्ये शकुन माझ्या शेजारी बसली आणि सहज बोलावं तसं बोलली. मतदानाच्या दिवशी, निकालानंतर, नलू त्यांच्या घरी पायी आली होती. नऊही घरी गेली. प्रत्येक दारात तिनं हात जोडून सांगितलं, “इंदीले मीच नोको जाऊ म्हणलं. गेटवर मारामारी सुरू होती. पोरींले काही झालं असतं त?” शकुनचे वडील म्हणाले होते, “तुमच्या बहिणीची सायकल त वाचनालयाबाहेर उभी होती. मी पाह्यली.” नलू म्हणाली, “हाव, मीच तिथं बसवलं तिले. घरी गेली असती त आत्या रागावली असती.” त्यांनी एकदा तिच्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं आणि ते म्हणाले, “पुढच्या वर्सी तुम्ही याजा न्याले. पाठवतो.”

“आमाले वाटे तुले माहीत असन,” शकुन म्हणाली.

म्हणजे रॉकेलची वाटी घेऊन बसली तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. आणि नंतरच्या प्रत्येक कोजागिरीलाही. इतक्या वर्षांत मी नलूच्या आवाजाचा, हसण्याचा, आईनं घातलेल्या दह्याचा हेवा केला. बसमध्ये बसल्या बसल्या मला तिच्या या एका गोष्टीचाही हेवा वाटला, की हे तिनं करून टाकलं आणि चिखलाचे पाय धुऊन जेवायला बसली. दुःख झालं ते नंतर, घरी आल्यावर, कुलूप काढताना.

तिच्या सुनेनं तो डबा मला दिला, सासूनं सांगून ठेवलं होतं म्हणून. तो मी पुस्तकांच्या कपाटात, खालच्या खणात ठेवला आहे. साडी आईबरोबर चितेवर गेली. नऊ जणींपैकी तीन अजून पिपरीत राहतात. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. डबा रिकामा आहे.